कोकणातील घरगुती उपाय, पावसाळी आजार आणि दवाखान्याची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतच्या या पट्टीत घर आणि दवाखाना यांच्यामध्ये अनेकदा एखादी तर (खाडी ओलांडण्याची होडी), एखादा घाट किंवा पावसात पाण्याखाली गेलेला साकव (छोटा पूल) असतो. त्यामुळे पहिला उपचार घरातच होतो आणि तो व्हायलाही हवा. खरी अडचण पुढच्या निर्णयाची असते: घरात किती थांबायचे आणि कधी निघायचे. म्हणून पुढील उत्तरांत त्या त्या दुखण्यात आपल्या हाती किती वेळ असतो, यावर भर दिला आहे. औषधांची नावे आणि मात्रा समजुतीसाठी दिल्या आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती औषधे घेऊ नयेत.

लावणीच्या दिवसांत अंग मोडून ताप आला, तर काढा घेऊन किती दिवस वाट पाहावी?

चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात काम केलेल्या माणसाने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तुळस, आले आणि गवती चहा यांच्या काढ्याने घशाला बरे वाटते आणि तो घेण्यास काहीच हरकत नाही. मात्र काढ्यावर तीन-चार दिवस काढणे लेप्टोस्पायरोसिसमध्ये जिवावर बेतू शकते. या आजाराचे जंतू उंदीर, घुशी, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून खाचरातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून किंवा तासन्‌तास भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा लागण झाल्यानंतर ५ ते १४ दिवसांनी येतो. त्यामुळे लावणी आटोपून आठवडा उलटला असला, तरी आपण शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण निदानाची दिशा बऱ्याचदा त्या एका वाक्यावर ठरते.

पोटऱ्या नुसत्या दाबल्या तरी कळ येणे, डोके असह्य दुखणे आणि चिपडे न येता डोळे लाल होणे, ही या तापाची लक्षात ठेवण्याजोगी लक्षणे आहेत. लघवी कमी होऊ लागली, डोळे पिवळे दिसू लागले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आले, तर मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुसे यांपर्यंत आजार पोहोचल्याची शक्यता असते आणि तेव्हा थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. सुरुवातीलाच उपचार मिळाले, तर हाच आजार बहुतेकदा डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने आटोक्यात येतो.

येथे दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) नेहमीची रक्ततपासणी प्रतिद्रव्ये, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली द्रव्ये, शोधते आणि ती आजाराच्या साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर दिसू लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल पाहून निर्धास्त होऊ नये. अहवाल येण्यापूर्वीच डॉक्टरांनी औषध सुरू केले, तर तो त्यांचा उतावळेपणा मानू नये. दुसरे म्हणजे, अंगदुखीसाठी औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. लेप्टोत तिचा ताण मूत्रपिंडावर पडतो आणि ताप डेंग्यूचा असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेता येते.

लेप्टोची प्रतिबंधक गोळी सर्वांनीच घ्यावी का?

सरसकट सर्वांनी घेऊ नये. लागण अधिक असलेल्या गावांत, पाण्यात रोज काम करणाऱ्या प्रौढांना आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतो. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती दिली जात नाही. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर जळजळ आणि जखम होते. गोळी घेतली म्हणून गमबूट काढून ठेवू नयेत. गमबूट घालून लावणी करता येत नाही, हे शेतकऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पाय चिखलात रुततो आणि बूट तिथेच राहतो. अशा वेळी निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे आणि घरी येताच साबणाने पाय धुऊन कोरडे करणे, एवढे तरी व्हावे.

चिखल्यांवर मेंदी लावणे योग्य आहे का?

बोटांच्या बेचक्यांतली त्वचा कोरडी राहण्यास मेंदीची मदत होते आणि बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. मात्र ती घरी वाटलेल्या पाल्याची असावी, काळा रंग मिसळलेली तयार मेंदी वापरू नये. जखम उघडी पडली, पू झाला किंवा पाय सुजला, तर मेंदी थांबवून दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवावे. नायटा किंवा गजकर्ण यांवर स्टेरॉइड मिसळलेली मलमे आणून लावण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे. त्या मलमांनी खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि पुढे ती साध्या औषधाला दाद देत नाही.

साप चावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे?

चावलेल्या माणसाला चालू देऊ नये. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी काठीची किंवा फळीची आधारपट्टी बांधून तो अवयव हलणार नाही असे पाहावे. अंगठ्या, बांगड्या, जोडवी आणि पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि वाहनाला हाक द्यावी. दोरीने करकचून बांधणे, जखमेवर ब्लेड मारणे, तोंडाने विष शोषणे किंवा दारू पाजणे यांतले काहीही करू नये. साप मारण्यासाठी काठ्या घेऊन शोधाशोध करण्यात वेळ तर जातोच, शिवाय दुसऱ्या माणसालाही दंश होण्याची भीती असते.

कोकणात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण जांभ्याच्या कातळावर आणि दगडांच्या गडग्यांत राहणारे फुरसे रत्नागिरी परिसरात पूर्वापार मोठ्या संख्येने आढळते. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हिरड्यांतून, लघवीतून किंवा जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. रुग्णालयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे स्थिर ठेवले जाते. ते गोठले नाही तर प्रतिविष सुरू करतात. ही साधी तपासणी लहान केंद्रातही होऊ शकते. घोणसाचे विष रक्ताबरोबर मूत्रपिंडालाही इजा करते. मण्यार मात्र वेगळीच: ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जखम धड दिसत नाही, फारसे दुखत नाही आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या जड होऊ लागतात. पावसाळ्यात रात्री झोपेतून उठून कोणी पोटदुखीची आणि डोळे उघडत नसल्याची तक्रार केली, तर ओवा देत बसू नये, मण्यारीची शंका घेऊन निघावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष चालते आणि लहान मुलालाही त्याची मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही. काजूच्या आणि करवंदीच्या फांद्यांवर दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर मात्र हे प्रतिविष लागू पडत नाही. त्याच्या दंशात सूज आणि वेदना यांवर उपचार करून रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात.

आमच्या वाडीत मंत्राने विष उतरवून माणसे बरी झालेली आम्ही पाहिली आहेत. ते खोटे कसे म्हणावे?

माणसे बरी झाली हे आपण पाहिलेले खरेच आहे. धामण, दिवड, नानेटी असे आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही काही वेळा दात लावून विष न सोडताच निघून जातो. अशा दंशात काहीही केले नाही तरी माणूस बरा होतो आणि श्रेय पाणी मंतरणाऱ्याला मिळते. ज्याच्या शरीरात खरोखर विष गेले, तो मात्र त्या दोन-तीन तासांत हातचा जातो आणि ‘आयुष्य तेवढेच होते’ असे म्हटले जाते. हे वाक्य किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत ऐकू येते आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना वाईट वाटते, कारण अनेकदा आयुष्य शिल्लक होते.

देवाला गाऱ्हाणे घालण्यास कोणाचीच आडकाठी नाही. रुग्ण गाडीत बसवल्यावर घरच्यांनी ते अवश्य घालावे. परंतु साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. वाडीतल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाकडे लोक प्रथम धावतात, त्यांनाच विश्वासात घेऊन ‘तुम्ही आधी गाडी बोलवा, मग पाणी मंतरा’ अशी विनंती करणे, हा वादापेक्षा अधिक उपयोगी मार्ग आहे.

विंचवाच्या दंशात दुखणे कमी झाले म्हणजे धोका टळला का?

नाही, आणि हा गैरसमज फार घातक आहे. काळ्या, थोराड विंचवाच्या दंशात वेदना तीव्र असतात पण जीव सहसा जात नाही. लहान लाल विंचवाच्या दंशात याच्या उलट, वेदना थोड्या असूनही खूप घाम येणे, हातपाय गार पडणे, उलट्या आणि छातीत धडधड सुरू झाली, तर विष हृदयापर्यंत पोहोचले असे समजावे. पुढे फुप्फुसांत पाणी भरते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदवली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. एकेकाळी गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते या उपचाराने फार खाली आले. आपल्याच तालुक्याच्या गावातून निघालेला हा उपचार आता जगभर वापरला जातो. ज्या माणसाला घाम सुटला आहे, त्याला तासाभरात डॉक्टरांसमोर न्यावे. लहान मुलाच्या बाबतीत घामाचीही वाट पाहू नये.

काजूच्या बागेत मेलेले माकड दिसले तर काय करावे?

त्याला हात न लावता आणि त्या जागी न थांबता आरोग्य केंद्राला व वन विभागाला कळवावे. माकडताप हा गोचिडींमधून पसरणारा विषाणूचा आजार कर्नाटकात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि गेल्या दशकात दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत त्याने माणसे दगावली आहेत. तो साधारण डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात, डोके वर काढतो. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगाला लावावे आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, म्हणून रुग्णाच्या घराशी व्यवहार तोडण्याचे कारण नाही. हा व्यवहार तोडला गेल्याने काही घरे ताप लपवतात आणि त्यातून नुकसानच होते.

जुलाब लागल्यावर पेज आणि शहाळे पुरेसे आहे का?

उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज हा आपल्या स्वयंपाकघरातला उत्तम उपाय आहे आणि आजारी माणसाचे खाणे बंद करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा तो शतपट बरा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते पण सोडियम कमी असते, त्यामुळे जोराच्या जुलाबांत ते ओआरएसची, म्हणजे क्षार-साखरेच्या पुडीच्या पाण्याची, जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर ते विचारल्याशिवाय पिऊ नये. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण विरघळवावी. पेलाभर पाण्यात पूर्ण पुडी घालणे किंवा वरून साखर टाकणे अपायकारक आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. लहान मुलांना यासोबत दोन आठवडे झिंक देतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचे पाणी चोळतात. त्याने गुण येतो का?

गार पाण्याने आणि आमसुलाच्या आंबटपणाने खाज शमल्यासारखी वाटते, आणि साध्या पित्तात एवढे पुरते. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर मात्र मिनिटे महत्त्वाची असतात आणि त्यावर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हेच औषध आहे. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावायचे कोकमतेल मात्र निःशंकपणे वापरावे.

बांगडा खाल्ल्यावर अंग लाल झाले. आता मासे कायमचे बंद करावेत का?

तशी गरज बहुधा नसते. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यानंतर बर्फाविना राहिले, तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते आणि काही तासांत सारे ओसरते. ताटावरच्या सर्वांनाच त्रास झाला असेल तर दोष मासळीच्या साठवणीचा, एकट्यालाच आणि दर वेळी होत असेल तर ॲलर्जीची तपासणी करावी. केंड मासा मात्र कधीही खाऊ नये. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि ते विष शिजवून जात नाही.

पाकट किंवा शिंगाळा या माशाचा काटा लागला तर?

जखम धुऊन तो पाय किंवा हात सोसेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने आपल्या हाताने तपासावे, कारण दुखावलेल्या अवयवाला चटका कळत नाही. नंतर काट्याचा तुकडा आत राहिला आहे का हे पाहण्यासाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जावे. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल, तर तो उपटू नये.

काविळीवर गावठी औषध घेतले तर काय बिघडते?

कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई असू शकतो, लेप्टो असू शकतो किंवा पित्तमार्गातला खडा असू शकतो. हिपॅटायटिस ए बहुधा आपोआप बरा होतो, त्यामुळे गळ्यात घातलेली माळ लांबली किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुताना ते पिवळे झाले, की कावीळ उतरली असे वाटते. गरोदरपणात हिपॅटायटिस ई झाला तर आई आणि बाळ दोघांनाही गंभीर धोका असतो, तेव्हा त्यात एक दिवसही घालवू नये. घटक सांगितले जात नाहीत असे कोणतेही औषध आधीच सुजलेल्या यकृतावर घालू नये. गुळवेलीचा काढा रोज, महिनोन्‌महिने घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दर्शवली. या वादाचा निकाल काहीही असो, कावीळ असताना गुळवेल न घेणे शहाणपणाचे वाटते.

सुकी मासळी खाल्ल्याने रक्तदाब वाढतो का?

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि त्या दोन महिन्यांत घराघरांत बेगमीची मासळी आणि लोणची यांवर भर राहतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाऱ्या बांगड्याच्या एका जेवणात त्यातला मोठा भाग संपतो. मासळी भिजवून ते पाणी फेकावे, आमटीत वेगळे मीठ घालू नये आणि त्या दिवशी लोणचे टाळावे. शेवग्याचा पाला भाजीत खावा, मात्र तो सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नये.

घरातल्या बायका दुखणे अंगावर काढतात. त्यांना कसे समजवावे?

समजवण्याची गरज त्यांच्यापेक्षा घरातल्या इतरांना अधिक आहे. लावणी, भाजावळ, काजू, आंबे, गणपती असा हंगामाला हंगाम जोडलेला असताना ‘माझे नंतर बघू’ असे म्हणणारी बाई आळस करत नसते. तिने दवाखान्यात घालवलेल्या दिवसाचे काम कोण करणार, हे कोणी सांगितलेले नसते. चढण चढताना धाप लागणे, केस गळणे आणि सतत थकवा येणे हे रक्तक्षयामुळे असू शकते आणि हिमोग्लोबिनची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा उपयोग घटतो. चहा आणि गोळी यांत निदान एक-दोन तासांचे अंतर असावे. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. पाळीत फार रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ती तपासणी पुढच्या हंगामावर ढकलू नये.

कुत्र्याचे नख लागले, रक्त आले नाही. लस घ्यावी का?

त्वचा थोडीही खरवडली असेल तर घ्यावी. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि मिरची, हळद किंवा चुना लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करून ठरलेल्या सर्व तारखा पाळाव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार उरत नाही.

मुले मुंबईला आणि आईवडील गावी एकटे, अशा घराने कोणती तयारी ठेवावी?

चालू औषधांची यादी, जुने अहवाल, आधार आणि रेशनकार्ड यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवाव्यात आणि शेजारच्या घराला ती जागा दाखवावी. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला वाडीचे नाव सांगून भागत नाही, तर मुख्य रस्त्यावरचे देऊळ, शाळा किंवा एसटीचा थांबा सांगावा आणि तेथे एखाद्या माणसाला विजेरी घेऊन उभे करावे. रात्री गाडी देऊ शकणाऱ्या दोन-तीन जणांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत, कारण घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोबाइलमध्ये नाव शोधता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला भेटावे. गणपती आटोपून चाकरमानी परतल्यावर आईवडील जेवेनासे झाले, बोलेनासे झाले किंवा रात्र-रात्र जागू लागले, तर ते वयाचे समजून सोडून देऊ नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि फोन मुलांनी मुंबईहून केला तरी चालतो.